वैराग्याच्या अध्यायात सापडलेले दोनशे शेअर

ज्याच्या कृपेवाचून झाडाचे पान हलत नाही, वृद्धाची लेखणी हलत नाही आणि (हे ज्ञान मला गेल्या दोन महिन्यांत झाले) बाजाराच्या फलकावरचा एक आकडाही खालीवर होत नाही, त्या करुणानिधीला प्रथम साष्टांग वंदन करतो आणि मग प्रस्तुत विषयाकडे वळतो.

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. उपरी विशेष. येथील सर्व क्षेम. माझे गुडघे पूर्ववत आहेत, म्हणजे बसताना त्यांचे एक मत असते आणि उठताना दुसरे. तुझ्या वहिनीची प्रकृती उत्तम, आणि आवाज त्याहून उत्तम. तुझा खोकला गेला का? डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाल्याचे समजले. तू आता चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतोस आणि कोणी विचारले नसतानाही वाचून दाखवतोस, हेही समजले. (तुझी सौभाग्यवती आणि तुझी वहिनी यांचा पत्रव्यवहार या नऊ वर्षांत एक महिनाही खंडित झालेला नाही. आपण दोघे बोलत नव्हतो तेव्हा त्या दोघी आपल्या वाट्याचेही बोलून घेत होत्या.)

नऊ वर्षांनी पाकिटावर माझे अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झाले असेल, आणि 'कोण गेले?' असे म्हणतच तू ते फोडले असशील. कोणीही गेलेले नाही. उलट काहीतरी सापडले आहे, आणि ते इतके अद्भुत आहे की ते तुला सांगितल्यावाचून मला अन्न गोड लागत नाही. तथापि, ते सांगण्याआधी एक जुना प्रसंग उकरणे भाग आहे. तो तू विसरला असशील तर उत्तम. मी विसरलेलो नाही.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या सभागृहात माझे लोभ या विषयावर प्रवचन होते. तू मुद्दाम प्रवास करून आलास आणि पहिल्या रांगेत बसलास. तू शेअर दलालाच्या पेढीत छत्तीस वर्षे नोकरी करून नुकताच निवृत्त झाला होतास, आणि श्रोत्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक होते. मला त्या दिवशी वाणी अंमळ जास्तच प्रसन्न होती. ओघात मी बोलून गेलो की, ज्याने कधी न पाहिलेल्या कारखान्याचा तुकडा विकत घेतला, त्याच्यात आणि जुगाऱ्यात फरक एवढाच की जुगारी निदान पत्ते हातात धरून बसतो. सभागृह हसले. मग एकेक मान तुझ्याकडे वळली आणि सभागृह पुन्हा हसले. तू उठलास आणि दाराशी मला एवढेच म्हणालास, "दादा, जे कळत नाही त्यावर बोलू नये, हे पाटीवर तुम्हीच मला लिहून दिलं होतं." आणि गेलास. तुझी छत्री खुर्चीलाच राहिली. आता ऐक.

माझ्या नित्यपाठाच्या पोथीची बांधणी खिळखिळी झाली होती. तिची पाचशे सोळा पाने आता एका दोऱ्याच्या आणि ईश्वराच्या भरवशावर होती. म्हणून मी ती पुस्तकबांधणीवाल्याकडे दिली. (भला माणूस आहे, परंतु सरसाचे बोट कपाळाला लावण्याची त्याला खोड आहे. त्यामुळे त्याच्या कपाळावर नेहमी कुठल्यातरी पुस्तकाचे एखादे अक्षर चिकटलेले असते.) तिसऱ्या दिवशी तो स्वतः दारात उभा राहिला. हातात एक जाड, पिवळट, कडेने वेलबुट्टी छापलेला कागद. म्हणाला, "शास्त्रीबुवा, वैराग्याच्या अध्यायात ही खूण होती. परत तिथेच ठेवू, की टाकून देऊ?" मी म्हणालो, टाक. तेवढ्यात तुझी वहिनी आतून आली, तिने कागद उजेडात धरला आणि म्हणाली, "टाका काय? ह्यावर तुमचं नाव आहे. आणि खाली भाऊजींचं."

धाकट्या, तो शेअरचा दाखला होता! सायकलच्या घंट्या बनविणाऱ्या कंपनीचे दोनशे शेअर, दोघा भावांच्या संयुक्त नावाने. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा मला आठवले. तू पेढीत नवा लागला होतास आणि वडिलांनी तुझ्या सल्ल्याने आयुष्यातली पहिली आणि शेवटची शेअरखरेदी केली होती. कागद माझ्या हाती देऊन ते म्हणाले होते, "सांभाळ." आता सांभाळणे म्हणजे काय, याचा शास्त्रार्थ त्यांनी सांगितला नाही. मी माझ्या दृष्टीने घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी तो ठेवला, आणि तो कागद वैराग्याच्या अध्यायात खूण म्हणून चव्वेचाळीस वर्षे राहिला. रोज तो बोटाने बाजूला सारून मी वाचत असे की धन हे मृगजळ आहे. रोज ते मृगजळ माझ्या अंगठ्याखाली होते.

याहून वाईट पुढे आहे. कंपनीची पाकिटे दरवर्षी येत. मी ती तुझ्या पेढीच्या जाहिराती समजून न वाचता कापीत असे आणि आतल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर प्रवचनांची टिपणे काढीत असे. (कागद गुळगुळीत असे, शाई फुटत नसे.) दाखला सापडल्यावर तुझ्या वहिनीने माळ्यावरून टिपणांचे गठ्ठे उतरवले आणि एकेक पान उलटून पाहू लागली. त्यांत कंपनीचे वार्षिक अहवाल होते, सभेची आमंत्रणे होती, आणि मधून मधून लाभांशाचे धनादेश होते. कंपनीला नफा झाला की त्यातला जो वाटा ती आपल्या मालकांना पाठवते, त्याला लाभांश म्हणतात, हे मी तुला सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकविणे होय. पण मला हे दोन महिन्यांपूर्वीच कळले असल्याने सांगितल्यावाचून राहवत नाही. लोभावरच्या त्या सुप्रसिद्ध प्रवचनाचे टिपण, ज्यात तुझा अपमान करणारे ते वाक्य मी खाली रेघ ओढून लिहिले होते (म्हणजे ते ओघात आले नव्हते), ते एका धनादेशाच्या पाठीवर निघाले. धनादेशाची मुदत केव्हाच टळली होती. ईश्वराला विनोदबुद्धी नाही असे जे म्हणतात, त्यांनी एकदा आमचा माळा पाहावा.

मग मी चौकशी करू लागलो. आमच्या रस्त्याच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, एका दलाल पेढीची शाखा आहे. तेथे एक बाई आहेत. वय माझ्या नातीएवढे, बोलणे माझ्या आजीएवढे ठाम. त्यांनी दाखला पाहिला, मला पाहिले, आणि म्हणाल्या, "आजोबा, हा कागद आता नुसता ठेवून चालत नाही. शेअर डीमॅट करावे लागतील." म्हणजे कागदाचे रूप सोडून ते खात्यात नुसत्या नोंदीच्या रूपाने राहतील. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. देह सुटतो आणि अस्तित्व राहते! जे सिद्धांत समजावता समजावता माझे केस पिकले, ते ही मुलगी चष्म्याच्या दुकानावर बसून एका अर्जात करून देत होती. मी तिला तसे म्हणालो. ती म्हणाली, "हो, पण अर्जाच्या तीन प्रती लागतील."

त्या बाई दर बुधवारी नव्या गुंतवणूकदारांसाठी विनामूल्य वर्ग घेतात. मी गेलो. आम्ही अकरा विद्यार्थी. माझ्या शेजारी एक निवृत्त परिचारिका बसत. चाळीस वर्षे इस्पितळात काढल्याने त्या कोणत्याही संकटाकडे 'सुई कुठे टोचायची' एवढ्याच दृष्टीने पाहतात. पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिले की शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा अंश. मालकीचा! धाकट्या, मी त्या बाकावरच ताठ झालो. आयुष्यात मी कशाचाही मालक नव्हतो. घर तुझ्या वहिनीच्या नावावर, पोथी गुरूंची, देह पंचमहाभूतांचा. आणि आता कळले की मी घंट्यांच्या कारखान्याचा मालक आहे आणि चव्वेचाळीस वर्षांत एकदाही कारखान्याची विचारपूस केलेली नाही. दुसऱ्याच दिवशी मी सायकलींच्या मोठ्या दुकानात गेलो आणि मांडलेल्या सत्तावीस सायकलींच्या घंट्या एकेक करून वाजवल्या. विक्रेता धावत आला. "काका, घ्यायची आहे का?" मी म्हणालो, "घ्यायची नाही. मी मालक आहे." तो म्हणाला, "ह्या दुकानाचे मालक आत जेवतायत." मी त्याला मालकीचा अंश हा विषय मुळापासून समजावला. त्याने तो शांतपणे ऐकला (अठरा मिनिटे) आणि विचारले, "मग मालक, ही चौदा नंबरची घंटी अडकतीय. बदलून देता का?"

त्या अडकलेल्या घंटीने माझी झोप उडवली. उद्या घंटी वाजली नाही, कोणी कोणाला धडकले, तर त्या पापातला दोनशे शेअरांइतका वाटा कोणाच्या माथी? बुधवारी मी हात वर करून विचारले. बाई म्हणाल्या, "काळजी करू नका. भागधारकाची जबाबदारी मर्यादित असते. कंपनी बुडाली तरी तुम्ही घातलेल्या रकमेपलीकडे तुमच्याकडून कोणी काही मागू शकत नाही." मी विचारले, "पापसुद्धा मर्यादित का?" बाई म्हणाल्या, "त्याबद्दल माझ्या पुस्तकात काही नाही. तुमच्या पोथीत पाहून पुढच्या बुधवारी आम्हाला सांगा." मी पाहिले. मर्यादित नाही. वर्गाला तसे सांगितले तेव्हा दोन विद्यार्थी मुदत ठेवीकडे परत गेले.

एकूण काय, मी त्या विद्येच्या प्रेमात पडलो. या वयात नवे शास्त्र भेटणे म्हणजे काय, हे तुला कसे सांगू! कंपनी स्वतः प्रथम जनतेला शेअर विकते तो प्राथमिक बाजार, आणि नंतर आपण लोक ते एकमेकांत फिरवतो तो दुय्यम बाजार. तेजीवाल्याला बैल म्हणतात, कारण बैल शिंगाने वर उडवतो. मंदीवाल्याला अस्वल म्हणतात, कारण ते पंजाने खाली ओढते. (मी विचारले, गाय कोठे आहे? तेव्हा परिचारिकाबाई म्हणाल्या, "गाय म्हणजे आपण. दोघांच्या मधे उभे.") निवडक मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून सगळ्या बाजाराची नाडी सांगणारा आकडा म्हणजे निर्देशांक. तो मी सकाळी पाहू लागलो. आधी पाठानंतर पाहत असे, मग पाठाच्या मध्ये, आणि एका सकाळी तुझ्या वहिनीने पोथीच्या आत घडी घातलेले वर्तमानपत्र पकडले. "आधी स्तोत्र की आधी निर्देशांक?" तिने विचारले. मी म्हणालो, दोन्हींत चढउतार आहेत. त्या दिवशी मला दूध मिळाले नाही.

आणखी एक परिमाण आहे. कंपनी एका शेअरमागे वर्षाला जेवढे मिळवते, त्याच्या किती पट किंमत आपण मोजतो, ते गुणोत्तर पाहायचे. ते फार मोठे असले तर समजावे की लोक मिळकतीपेक्षा अपेक्षेची किंमत देत आहेत. मला ते इतके आवडले की मी वर्गात उभे राहून त्यावर एक दृष्टांत सांगितला. तो वर्ग संपेपर्यंत पुरला. तो संपल्यावर परिचारिकाबाई पर्स उचलीत म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, ह्या हिशेबानं तुमचा भाव मिळकतीच्या पन्नास पट तरी चाललाय हो." वर्ग खूप हसला. मीही हसलो. मग जिना उतरताना मला एकदम जाणवले की सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळून सभागृह हसते तेव्हा कसे वाटते. मी चष्म्याच्या दुकानापाशी थोडा वेळ उभा राहिलो. दुकानदाराला वाटले, मला डोळे तपासायचे आहेत.

आता माझ्या सर्वनाशाची कथा. बाईंनी बजावले होते की कोणीही लगेच खरे पैसे घालू नयेत. महिनाभर वहीवरच खरेदी-विक्री करायची. एक काल्पनिक रक्कम धरायची, वर्तमानपत्रातला भाव पाहायचा आणि घेतले असे समजायचे. मी मनात म्हणालो, हे आपल्याला सोपे. जग काल्पनिक आहे हे तर आपण पन्नास वर्षे सांगत आलो. मी सगळी काल्पनिक रक्कम एकाच कागद गिरणीत घातली, कारण सर्व सद्ग्रंथ कागदावर छापतात आणि सद्ग्रंथांना मरण नाही. पाच दिवस भाव चढला. धाकट्या, काय सांगू! मी रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांकडे दयेने पाहू लागलो. सहाव्या दिवशी गिरणीचे मोठे यंत्र बिघडल्याची बातमी आली, आणि तीन दिवसांत भाव एकतृतीयांशाने खाली. माझे अन्न तुटले. छातीत धडधड. जपाला बसलो तर माळेचा प्रत्येक मणी खाली खाली चालल्यासारखा वाटे. तुझ्या वहिनीने घाबरून परिचारिकाबाईंना बोलावले. त्यांनी रक्तदाब पाहिला, वही पाहिली, आणि विचारले, "ह्यात खरे किती घातलेत?" मी म्हणालो, "काहीच नाही." तेव्हा तुझी वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वा! मिथ्या जगातली मिथ्या गिरणी, मिथ्या पैसा, आणि रक्तदाब तेवढा खरा!" पन्नास वर्षांच्या माझ्या सर्व प्रवचनांचे इतके नेमके परीक्षण आजवर कोणी केले नव्हते.

त्या बुधवारी बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या. त्या आधी शिकवल्या असत्या तर माझे दोन किलो वजन वाचले असते. एक, सगळी रक्कम एका ठिकाणी घालू नये, निरनिराळ्या धंद्यांत विभागावी. एक बसला तर दुसरा उभा राहतो. दुसरी, तोट्याची हद्द आधीच ठरवावी. भाव अमुक एका पायरीखाली आला की विकून मोकळे व्हायचे, असा हुकूम शांत डोक्याने, भाव वर असतानाच देऊन ठेवायचा, कारण घसरण सुरू झाल्यावर माणूस स्वतःला 'उद्या सुधारेल' असे सांगत बसतो. मी विचार करीत राहिलो. नऊ वर्षे मी दर वर्षाच्या आरंभी 'या वर्षी धाकटाच आधी पत्र लिहील' असे म्हणत होतो. अहंकाराच्या घसरणीला हद्द ठरवून ठेवण्याची सोय कोणत्याही दलालाकडे नाही, हे या बाजाराचे एक मोठे न्यून आहे.

आता मुख्य कार्य, म्हणजे दाखल्याचे. मी तीन प्रतींत अर्ज भरून दिला. आठव्या दिवशी तो परत आला. कारण? सही जुळत नाही! चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची माझी सही कंपनीकडे होती. ती कोणा ऐटबाज तरुणाची होती, शेवटच्या अक्षराला अशी शेपटी की तिला धरून झोका घ्यावा. त्यानंतर मी नेम धरला की ईश्वराचे नाव आधी लिहिल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. आता माझ्या सहीत निम्म्याहून अधिक तोच असतो. बाईंनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. "आजोबा, हे वरचं नाव काढावं लागेल. ते धारकांमध्ये नाहीत." मी म्हणालो, "बाई, तो सर्वांचाच सहधारक आहे." त्या म्हणाल्या, "चालेल. मग त्यांचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा रद्द केलेला धनादेश आणा." पत्त्याच्या पुराव्यापाशी माझे घोडे अडले. त्यावर मोठमोठे आचार्य आजवर भांडत आलेले आहेत. शेवटी तोडगा निघाला. मी नाम मनात घ्यायचे आणि कागदावर फक्त स्वतः उतरायचे. तीन पाने सराव केला तेव्हा कुठे ती जुनी शेपटी हाताला आठवली.

आणि मग बाईंनी शेवटचे सांगितले. दाखला दोघांच्या नावे आहे, म्हणून खातेही दोघांच्याच नावे हवे, आणि कागदावर नावे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. आधी थोरला, मग धाकटा. मी विचारले, धाकटा सध्या, म्हणजे, तितकासा संपर्कात नाही, तर एकट्याने चालणार नाही का? बाईंनी पेन खाली ठेवले. "नाही आजोबा. दोघांपैकी कोणी हयात असताना त्याला वगळता येत नाही." इतक्या कोरड्या आवाजात इतके ओले वाक्य मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

तुला आणखी एक कळवायचे राहिले. कंपनीकडे जास्तीचा पैसा असला की कधीकधी ती बाजारातून स्वतःचेच शेअर परत विकत घेते, त्याला पुनर्खरेदी म्हणतात. गेल्या रविवारी त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावर मीही तसेच केले. प्रवचनाचा विषय क्षमा हा होता. मी श्रोत्यांना सांगितले की नऊ वर्षांपूर्वी येथून मी एक वाक्य खपवले होते. तो खोटा माल होता, त्यावर तुम्ही हसलात, आणि ज्याला हसलात तो मनुष्य या विषयात माझा गुरू होण्याच्या योग्यतेचा आहे. ते वाक्य मी आज परत घेत आहे. सभागृहात कोणी हसले नाही. परिचारिकाबाई मात्र मागून मोठ्याने म्हणाल्या, "आता भाव बरोबर आला!" तेव्हा सगळे हसले. मलाही हसू आवरले नाही.

असो. पत्र लांबले. तुझ्या सौभाग्यवतीस, मुलांस व नातवंडांस आशीर्वाद. डोळ्याला धूर लागू देऊ नकोस. कळावे, लोभ आहेच, (हा शब्द मी आता जपून वापरतो) तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा थोरला

ताजा कलम : वरील सर्व वृत्तांत केवळ तुझ्या माहितीसाठी व करमणुकीसाठी आहे. फक्त एक क्षुल्लक बाब. दुसरा धारक म्हणून तुझी सही लागेल, आणि ती बाईंसमोर, प्रत्यक्ष हजर राहूनच करावी लागते असा नियम आहे. नियमाला माझा इलाज नाही. तेव्हा येऊन जावे.

दुसरा ताजा कलम : रकमेविषयी तुझ्या मनात काही भव्य कल्पना येऊ नये म्हणून सांगतो. कंपनीने मध्यंतरी एका शेअरचे दहा केले हे कळताच मी तीन दिवस श्रीमंत होतो. मग बाईंनी सांगितले की शेअरचे विभाजन म्हणजे एका चादरीचे दहा रुमाल करणे. रुमाल दहा, कापड तेवढेच. शिवाय हल्ली सगळे भोंगे वाजवतात, घंट्या कोण घेतो? या शेअरला रोज गिऱ्हाईक असते असेही नाही. (याला तरलता नसणे म्हणतात.) हाती येईल ते साधारण तुझ्या येण्याजाण्याच्या भाड्याएवढे. वडिलांची चव्वेचाळीस वर्षांची गुंतवणूक बरोबर तुझ्या प्रवासाला पुरते, यात मला तरी त्यांचाच हात दिसतो. परतीच्या तिकिटाची मात्र घाई करू नकोस. बाई म्हणतात, मुदत जितकी लांब, तितका लाभ.

(याखाली निराळ्या अक्षरात) भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. समोर येऊन सही करायचा नियम बियम काही नाही. अर्ज टपालानं पाठवला तरी चालतो, त्या बाईंनी माझ्यादेखत दोनदा सांगितलं आणि ह्यांनी दोन्ही कानांनी ऐकलं. अर्ज सोबत जोडलाच आहे. पाठवायचा असेल तर पाठवा. पण तुमची छत्री हे दर महिन्याला उघडून पुसून ठेवतात आणि विचारलं तर म्हणतात, वाळवी लागेल. लोखंडाच्या छत्रीला वाळवी लागत नाही एवढं मलाही कळतं. दोघांची अंथरुणं घालून ठेवते.

तिसरा ताजा कलम : पाकीट टपालपेटीत टाकण्यापूर्वी मी ते पुन्हा उघडले. तुझ्या वहिनीने लिहिले आहे ते खरे आहे. जोडलेला अर्ज मी काढून घेतला आहे आणि पोथीत ठेवला आहे. अध्याय वैराग्याचा नव्हे, त्याच्या पुढचा, क्षमेचा. येऊनच सही कर.

हे पत्र तू वाचशील, तुझी सौभाग्यवती तुझ्या खांद्यावरून वाचेल, आणि पाकीट नीट चिकटलेले नसल्यास टपालखात्यातील कोणी सज्जनही वाचील. जे जे हे वाचतील त्यांच्या पदरी भल्याची भर पडो, त्यांच्या तोट्याला लवकर हद्द सापडो, आणि ज्या नावाशेजारी त्यांचे नाव एकदा लिहिले गेले ते नाव त्यांच्याशी पुन्हा बोलते होवो. तथास्तु.